स्मार्ट कारखान्यातली ती पेटी सांभाळायची कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीतली स्मार्ट कारखान्यांवरची लेखमाला मी आवडीने वाचते आहे. फॉग कम्प्युटिंगवरचा भाग वाचून मात्र पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. यंत्रांवरचे सेन्सर, दूरचे क्लाउड आणि त्या दोहोंच्या मधला संगणकांचा थर, म्हणजेच फॉग, लेखकाने नीट समजावून सांगितला आहे. मशीन लर्निंगची मॉडेल्स, म्हणजे आधीच्या नोंदींवरून शिकलेले प्रोग्रॅम, या मधल्या थरात चालवली की बिघाडाची चाहूल आधीच लागते, हेही खरे. पण लेख वाचून संपवल्यावर असे वाटते की हा थर म्हणजे नुसते सॉफ्टवेअर, एकदा बसवले की आपले आपण चालत राहील. मी इन्स्ट्रुमेंटेशनची अभियंता, नोकरीतली बहुतेक वर्षे देखभाल विभागात काढलेली. आमच्या लेखी तो थर म्हणजे शॉप फ्लोअरवरच्या पॅनेलमध्ये रेल्वर अडकवलेली एक पेटी असते. तिच्यावर धूळ बसते, ती तापते, तिचा सप्लाय जातो आणि ती बंद पडली की पहिला फोन आम्हालाच येतो. लेखात नेमकी हीच बाजू राहून गेली.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, मी या तंत्राच्या विरोधात नाही. निर्णय यंत्राजवळच व्हायला हवा, याच मताची मी आहे. पट्ट्यावरून सरकणाऱ्या सुट्या भागांची कॅमेऱ्याने तपासणी करायची आणि सदोष भाग बाजूला ढकलायचा, एवढे साधे काम घ्या. पट्टा सेकंदाला १ मीटर वेगाने चालतो आणि ढकलणारा सिलिंडर कॅमेऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर आहे. म्हणजे चित्र घेणे, ते मॉडेलला देणे, निकाल येणे आणि हवेचा व्हॉल्व्ह उघडणे हे सगळे ३०० मिलिसेकंदांत उरकले पाहिजे. प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. १,००० किलोमीटरवरच्या डेटा सेंटरला जाऊन परत यायला त्याला १० मिलिसेकंद पुरतात. ऐकायला किरकोळ वाटते. पण वाटेत राउटर असतात, त्यांच्यातल्या रांगा असतात, कुठे तरी दुसऱ्याच कोणाची मोठी फाइल चाललेली असते, आणि तोच प्रवास कधी ४० मिलिसेकंदांत होतो तर कधी ४०० लागतात. सरासरी कितीही सुरेख असो, सिलिंडरला सरासरीशी काही देणेघेणे नाही. ज्या फेरीत उत्तर उशिरा आले त्या फेरीत सदोष भाग पुढे निघून जातो आणि त्याच्या मागचा चांगला भाग भंगारात पडतो. शिवाय ५० लाख पिक्सेलचा साधा कृष्णधवल कॅमेरा सेकंदाला २० चित्रे काढत असेल तर सेकंदाला १० कोटी बाइट तयार होतात. गिगाबिट नेटवर्कचा चार पंचमांश भाग तो एकटाच खातो. असे तीन-चार कॅमेरे असले की क्लाउडचे नावच नको. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा कारभार लाइनवर चालत नाही.

आणि क्लाउडही कोसळते. २५ नोव्हेंबर २०२० रोजी अमेझॉनच्या क्लाउडचा अमेरिकेच्या पूर्वेकडचा एक विभाग अडखळला, तेव्हा लोकांच्या घरातले केर काढणारे रोबो आणि दारावरच्या कॅमेरावाल्या घंटाही अडल्या. घरचा केर एक दिवस तसाच राहिला तर कोणाचे काही बिघडत नाही. चालू लाइनचे तसे नसते.

मशीन लर्निंगचा खरा कस मात्र बेअरिंगमध्ये लागतो, म्हणून तिथे जरा थांबते. ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग लहान मोटरींत सर्रास सापडते. त्यात ९ बॉल असतात. मोटर मिनिटाला १,४४० फेरे घेत असेल तर सेकंदाला २४ झाले. बाहेरच्या कड्यावर बारीकसा खड्डा पडला की त्यावरून जाताना प्रत्येक बॉल एक धक्का देतो. बेअरिंगच्या मापांवरून हिशेब केला तर हे धक्के सेकंदाला सुमारे ८६ भरतात. खड्डा आतल्या कड्यावर असेल तर सुमारे १३०. सुरुवातीला हे धक्के इतके क्षीण असतात की मोटरवर हात ठेवून काही कळत नाही आणि मीटरवरचा एकूण व्हायब्रेशनचा आकडाही जागचा हलत नाही. पण प्रत्येक धक्क्यासरशी बेअरिंगचे घर काही हजार हर्ट्झवर झणझणते, आणि ही झणझण सेकंदाला ८६ वेळा उमटते आणि विरते. ती पकडायची तर मोजणीही तितकीच दाट लागते. सेकंदाला २५,६०० नोंदी ही या कामातली नेहमीची गती. तीन दिशा आणि प्रत्येक नोंद ३ बाइटची धरली तर एका मोटरीचे दिवसाला सुमारे २० जीबी होतात. ५० मोटरींचे रोज १ टीबी.

रात्रंदिवस सलग मोजायचे कारण नाही, ठरावीक वेळाने काही सेकंदांचा नमुना पुरे, असे कोणी म्हणेल. एका वेगाने फिरणाऱ्या पंख्यांना आणि पंपांना तो पुरतोही. पण ज्या स्पिंडलचा वेग सारखा बदलतो किंवा ज्या प्रेसचा घाव क्षणभराचा असतो, तिथे हवा तो क्षण दोन नमुन्यांच्या मधून निसटतो. म्हणून कच्चा सिग्नल जवळच्या पेटीत न्यायचा, तिथेच त्यातून ८६ आणि १३० च्या आसपासचा जोर, धक्क्यांची टोके, तापमान असे मोजके आकडे काढायचे, मॉडेल तिथेच चालवायचे आणि वर फक्त ते आकडे व संशयाच्या वेळचा कच्चा तुकडा पाठवायचा. २० जीबींचे काम काही एमबींवर येते.

आता तर सेन्सरमध्येच छोटी चिप असते, मग मधली पेटी कशाला? लेखाने हा प्रश्न एका वाक्यात आटोपला, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. एकट्या सेन्सरला शेजारचे दिसत नाही. पंपाचे व्हायब्रेशन वाढले. का वाढले? त्याच पायावर बसवलेला शेजारचा कॉम्प्रेसर सुरू झाला म्हणून वाढले असेल. ऑपरेटरने रेसिपी बदलली आणि आता दाट द्रव ओढावा लागतो, म्हणूनही असेल. सक्शनचा व्हॉल्व्ह कोणी अर्धवट बंद ठेवला असेल. किंवा खरेच बेअरिंग जात असेल. कॉम्प्रेसरची खबर त्याच्या सेन्सरकडे, रेसिपी आणि व्हॉल्व्हची स्थिती पीएलसीकडे, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरकडे, मोटरीचा करंट आणि वेग तिचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हकडे. हे सगळे एका ठिकाणी आले तर मॉडेलला रोग आणि परिस्थिती यांतला फरक सांगता येतो, आणि ते ठिकाण म्हणजे हा मधला थर. मी पाहिलेल्या खोट्या अलार्मांतला मोठा वाटा यंत्राची परिस्थिती मॉडेलला ठाऊक नसल्यामुळे आलेला होता. त्यात मॉडेलच्या गणिताचा दोष नव्हता.

अर्थात सगळे एकत्र आणायचे म्हटले की घड्याळांचा प्रश्न येतो, आणि याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही. पीएलसीचे घड्याळ २ सेकंद पुढे असेल तर नोंदीत व्हायब्रेशन आधी वाढलेले दिसते आणि व्हॉल्व्ह नंतर बंद झालेला. मॉडेल बिचारे कारणालाच परिणाम समजून शिकते. यंत्रांनी एकमेकांना आकडे कळवायचा मॉडबस हा प्रोटोकॉल १९७९ सालचा, आजही असंख्य यंत्रांत चालू आहे, आणि त्याच्या संदेशात वेळ लिहायला जागाच नाही. मधली पेटी ज्या क्षणी आकडा वाचते तीच त्याची वेळ धरली जाते. नव्या यंत्रांत त्याच कामासाठी ओपीसी यूए असते, त्यात वेळेची नोंद आकड्यासोबत येते. नेटवर्कवरून घड्याळे मायक्रोसेकंदांपर्यंत जुळवायचे आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचे १५८८ हे मानकही २००२ पासून आहे. पण ते वापरायचे तर नेटवर्कचे स्विच तसे घ्यावे लागतात, आणि खरेदीच्या यादीत स्विचवरच पहिली काट बसते!

शिकवण्याचे जड काम सहसा या पेटीत होत नाही. ते मोठ्या सर्व्हरवर किंवा क्लाउडवर होते आणि तयार मॉडेल पेटीत उतरवतात. उतरवताना ३२ बिटांचे आकडे ८ बिटांचे केले की मॉडेलचा आकार चौथाईवर येतो आणि ते लहान प्रोसेसरवर झपाट्याने पळते. अचूकता थोडी घटते, फार नाही, असे सांगितले जाते. पण घटते कुठे, ते विचारावे. १,००० भागांत ५ सदोष असतील तर डोळे मिटून सगळ्यांना ‘चांगला’ म्हणणारे मॉडेलही ९९.५ टक्के अचूक ठरते. क्वचित येणारे दोषच मॉडेल लहान करताना निसटू शकतात, म्हणून उतरवलेल्या मॉडेलची तपासणी पुन्हा त्याच लाइनवरच्या खऱ्या सदोष भागांवर व्हायला हवी. सदोष भाग जपून ठेवा असे आम्ही सांगतो तेव्हा स्टोअरवाले आमच्याकडे संशयाने बघतात, ते सोडा.

आता मुख्य तक्रारीकडे येते. यंत्र बिघडल्याची उदाहरणे फार थोडी असतात. त्यामुळे बहुतेक मॉडेल्सना यंत्राची धड अवस्था शिकवतात आणि त्यापासून फारकत झाली की अलार्म द्यायला लावतात. पण धड अवस्था देखभालीनंतर बदलते. बेअरिंग बदलले, पायाचे बोल्ट आवळले, पट्ट्याचा ताण वाढवला की यंत्र पहिल्यापेक्षा सुदृढ होते आणि मॉडेलच्या दृष्टीने मात्र परके. माझ्यासमोर घडलेली गोष्ट सांगते. एका ब्लोअरचे पट्टे आणि पुली बदलल्या. काम चोख झाले होते. शिफ्ट सुरू झाल्यापासून स्क्रीन लाल. फिटरने जाऊन पाहिले, काही नाही. पुन्हा अलार्म, पुन्हा काही नाही. शेवटी ऑपरेटरने आवाज बंद केला आणि पुढे तो लाल चौकोन तसाच राहिला. रोज मरे त्याला कोण रडे. पुरवठादाराला विचारले तर त्याचे उत्तर असे की मॉडेल बरोबर आहे, पट्टे बदलल्याचे आम्हाला कोणी कळवले नाही. कळवायचे कुठे, याची सोयच त्या प्रणालीत नव्हती. तिच्या रचनेत फिटर नावाचा माणूसच धरलेला नव्हता.

यावर मॉडेल सतत आपले आपण शिकत राहू दे, असा तोडगा काढला जातो. तो मला धोक्याचा वाटतो. बेअरिंग महिनोन्‌महिने हळूहळू झिजते, आणि रोज थोडे थोडे नव्याने शिकणारे मॉडेल ती झीजही धड अवस्था म्हणून पचवते. अलार्म वाजतच नाही. त्यापेक्षा फिटरच्या जॉब कार्डातच ‘काम झाले, काय बदलले’ ही नोंद असावी, ती थेट पेटीत जावी, त्यानंतरच्या काही शिफ्टांत मॉडेलने नवी अवस्था शिकावी आणि ती पक्की करण्याआधी देखभालीतल्या माणसाने सही करावी. जुने मॉडेल पुसू नये. नवे फसले तर एका बटणावर मागे जाता आले पाहिजे. यात अवघड तंत्र कुठलेच नाही. पण हे काम कोणाचे, हेच ठरलेले नसते.

पेटीच्या तब्येतीचेही तसेच. ती बसवतात पॅनेलमध्ये, ड्राइव्हच्या शेजारी, कारण जागा तिथेच असते. ड्राइव्ह तापतो, पेटीला पंखा नसतो, आणि प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. पेटी चालू दिसते, दिवा हिरवा, पण ४० मिलिसेकंदांत येणारे उत्तर ९० मिलिसेकंदांत येऊ लागते. बिघाड म्हणून कुठेच नोंद होत नाही. दुपारच्या शिफ्टमध्ये सदोष भाग का निसटतात याचा शोध मग कॅमेऱ्याच्या काचेत आणि दिव्यांत घेतला जातो. सतत लिहिले जाणारे मेमरी कार्ड झिजते. पॅनेलचा फिल्टर तुंबतो. या पेटीचे तापमान, उत्तराला लागणारा वेळ, साठलेली रांग यांवर लक्ष ठेवणे आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलणे हे ग्रीसिंगइतकेच नेहमीचे काम आहे. प्रतिबंधक देखभालीच्या तक्त्यात त्याची ओळ मी फार थोड्या ठिकाणी पाहिली.

गंमत अशी की ज्यांनी हे सगळे मांडले ते हे विसरले नव्हते. सिस्कोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये फॉग कम्प्युटिंगचा शोधनिबंध लिहिला. २०१५ मध्ये एआरएम, सिस्को, डेल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि प्रिन्स्टन विद्यापीठ यांनी मिळून ओपनफॉग संघ काढला, त्याचा आराखडा २०१८ मध्ये आयईईई १९३४ हे मानक झाला. त्या आराखड्याचे आठ खांब आहेत. त्यांतल्या एका खांबात विश्वासार्हता, उपलब्धता आणि देखभालीची सुलभता अशी तिन्ही एकत्र घातली आहेत. विक्रीच्या सादरीकरणात वेग दिसतो, बचत दिसते, रंगीत आलेख दिसतात. हा खांब तिथे पोहोचेपर्यंत गळून पडलेला असतो.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी. इमर्जन्सी स्टॉप आणि गार्डचे इंटरलॉक (यंत्राचे संरक्षक झाकण उघडले की ते थांबवणारी सोय) यांच्या वाटेत मॉडेल येता कामा नये. त्यांची तार वेगळी, सेफ्टी रिले वेगळा, आणि मॉडेलने फार तर वेग कमी करण्याची सूचना द्यावी. दुसरे, प्रत्येक पेटी म्हणजे कारखान्याचे एक नवे दार आहे. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा काही ठिकाणी माणसांना हाताने काम चालवावे लागले. त्यांना ते करता आले, कारण हाताने चालवणे जाणणारी माणसे तिथे होती.

सगळीकडेच हा थर हवा असेही नाही. टाकीची पातळी तासातासाने बदलते, विजेच्या वापराचा अंदाज महिन्याचा काढायचा असतो. हे क्लाउडवर खुशाल करावे. चार-पाच यंत्रांच्या छोट्या कारखान्याला मी तर आधी चांगला हातातला व्हायब्रेशन मीटर आणि तो नेमाने वापरणारा माणूस ठेवा असेच सांगेन.

पण जिथे हा थर येतो तिथे त्याचा मालक कोण, यावर घोडे अडते. आयटी विभागाला तो सर्व्हर वाटतो, म्हणून ते त्यांच्या सोयीच्या वेळी अपडेट टाकून पेटी रीस्टार्ट करतात आणि लाइन अडखळते. देखभाल विभागाला ती आयटीची वस्तू वाटते, म्हणून कोणी हात लावत नाही. पासवर्ड पुरवठादाराकडे. रात्रपाळीला पेटी बंद पडली की तिघेही एकमेकांवर खापर फोडतात. माझे म्हणणे इतकेच की पेटीची मालकी देखभाल विभागाकडे असावी, अपडेटची वेळ उत्पादनाशी बोलून ठरावी, स्टोअरमध्ये एक तयार पेटी सगळ्या सेटिंगसह ठेवलेली असावी आणि रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला ती बदलता यावी. मॉडेल गप्प झाले तर लाइन कशी चालवायची, हेही आधी लिहून ठेवलेले असावे: थांबवायची, हळू करायची की माणूस बसवून तपासायची.

लेखमालेचा पुढचा भाग अनेक कारखान्यांनी आपला डेटा बाहेर न देता एकत्र मॉडेल शिकवण्यावर आहे, असे आपण जाहीर केले आहे. विषय चांगला आहे. लेखकांना एक विनंती पोहोचवावी: एखाद्या कारखान्यात व्यवस्थापकांशी बोलून झाल्यावर त्यांनी रात्रपाळीच्या फिटरलाही भेटावे आणि पेटी कुठल्या पॅनेलमध्ये आहे, तिचा स्पेअर कुठे ठेवलाय आणि मागच्या खेपेला अलार्म कोणी, कशासाठी बंद केला, हे त्याला विचारावे. त्याची उत्तरे छापलीत तर आम्हा देखभालवाल्यांना ती वाचायला आवडतील.

आपली,
एक नियमित वाचक
(इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता, देखभाल विभाग)